संत कथबर्टचे मणी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याला, नॉर्थम्बरलंड परगण्यात, लिंडिस्फार्न नावाचे एक लहानसे बेट आहे. भरती आली की समुद्र त्याला मुख्य भूमीपासून तोडतो, ओहोटी लागली की पुन्हा जोडून देतो. इ. स. ६३५ मध्ये आयोना बेटावरून आलेल्या संत एडनने येथे मठ स्थापन केला. पुढे याला 'पवित्र बेट' असेच नाव पडले. याच मठाचे प्रमुखपद संत कथबर्टने सांभाळले. ६८५ मध्ये तो बिशप झाला. पण त्याचे मन एकांतात व प्रार्थनेत रमणारे होते. २० मार्च ६८७ रोजी जवळच्या फार्न बेटावरील आपल्या झोपडीत त्याने देह ठेवला.

या पवित्र बेटाच्या किनाऱ्यावर लहान लहान दगडी मणी सापडतात. काही मसुराच्या दाण्याएवढे, काही थोडे मोठे. आकार गोल व चपटा आणि बरोबर मध्यभागी एक बारीक छिद्र. दोरा ओवला की माळ तयार व्हावी, असे ते दिसतात. लोकांनी त्यांना 'संत कथबर्टचे मणी' हे नाव दिले. वादळी रात्री संत एका खडकावर बसतात, समोरच्या खडकाची ऐरण करतात आणि भाविकांच्या जपमाळेसाठी मणी घडवतात; वादळ शमले की ते मणी किनाऱ्यावर विखुरलेले आढळतात, अशी दंतकथा मच्छिमारांमध्ये रूढ झाली. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या 'मार्मियन' या काव्यात ती गुंफली आणि ती दूरवर पोहोचली.

कथा गोड आहे यात शंका नाही. परंतु ती खरी आहे काय? आणि खरी नसेल, तर भाविक माणसाने तिचे काय करावे? हा प्रश्न केवळ इंग्लंडमधील एका बेटाचा नाही. आपल्या घरातील मुले शाळा-महाविद्यालयात जीवशास्त्र व भूगोल शिकतात. पृथ्वीचे वय, जीवांची उत्क्रांती, खडकांतील जीवाश्म हे विषय त्यांच्या पाठ्यपुस्तकांत असतात. घरी आजीच्या तोंडून ऐकलेले आणि वर्गात शिकलेले यांची सांगड कशी घालावी, हे त्यांना उमगत नाही. आणि वडीलधाऱ्यांनी प्रश्न टाळला, की श्रद्धा व सत्य या दोन वेगळ्या वाटा आहेत, अशी त्यांची समजूत होऊन बसते. म्हणून या इवल्याशा मण्याचा इतिहास सविस्तर सांगावासा वाटतो.

कथा आणि इतिहास

संत कथबर्टचे चरित्र प्रथम लिंडिस्फार्नच्याच एका मठवासीयाने लिहिले. त्यानंतर आदरणीय बीड या थोर इतिहासकाराने ते पद्यात आणि गद्यात असे दोन वेळा लिहिले. बीड कथबर्टच्या हयातीतच जन्मलेला. संताला ओळखणाऱ्या माणसांकडून त्याने माहिती गोळा केली. त्याच्या चरित्रात चमत्कार अनेक आहेत, पण मण्यांचा उल्लेख कोठेही नाही. शिवाय 'नमो मरिया' मोजण्याची रोझरी आज आपण ज्या रूपात म्हणतो, ते रूप कथबर्टनंतर कित्येक शतकांनी सिद्ध झाले. पोप पायस पाचवे यांनी १५६९ साली तिच्या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली. सातव्या शतकातील संताने रोझरीचे मणी घडविणे इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

या मण्यांची लेखी नोंद सतराव्या शतकात मिळते. जॉन रे हा इंग्लिश निसर्गाभ्यासक १६७१ साली बेटावर गेला, त्याने किनाऱ्यावरचे मणी वेचले आणि ते विशिष्ट प्रकारचे 'आकृतिबद्ध' दगड असल्याचे नोंदविले. असे दगड जर्मनीतही सापडत. तेथे थुरिंजिया प्रांतात त्यांना संत बोनिफासचे पेनी म्हणत. संतांची नावे निरनिराळी, दगड मात्र एकच. जेथे लोकांना नवल वाटले, तेथे त्यांनी आपल्या लाडक्या संताचे नाव जोडले. यात लबाडी नव्हती, प्रेम होते. परंतु प्रेमाने दिलेले नाव म्हणजे उत्पत्तीचा पुरावा नव्हे.

खाणींचा अभ्यासक गेऑर्ग अग्रिकोला याने १५४६ साली खनिजांवरील आपल्या लॅटिन ग्रंथात या दगडांचे वर्णन केले होते. सुट्या चकतीला त्याने चाकावरून नाव दिले आणि कमळासारख्या दिसणाऱ्या दगडाला लिलीच्या फुलावरून 'एन्क्रिनस' म्हटले. चकती ही देठाचा तुकडा आणि 'फूल' हे त्याच देठाचे टोक, हे कळायला मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

बिशप झालेला भूवैज्ञानिक

दगडात प्राण्यांचे अवशेष कसे येतात, हे जगाला पटवून देणाऱ्यांत ज्याचे नाव अग्रभागी आहे, तो पुढे आपल्याच ख्रिस्तसभेचा बिशप झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नील्स स्टेन्सेन, लॅटिनमध्ये स्टेनो, याचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे एका लुथरन घरात झाला. तो निष्णात शरीरशास्त्रज्ञ होता. १६६६ साली इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्क माशाचे डोके फ्लॉरेन्सच्या ड्यूकने त्याच्याकडे चिरफाडीसाठी पाठविले. त्या माशाचे दात पाहताना स्टेनोला माल्टा बेटावरील 'जीभदगड' आठवले. संत पौलाने माल्टातील सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगड झाल्या, अशी लोकांची समजूत होती. स्टेनोने दाखवून दिले की हे दगड म्हणजे प्राचीन शार्कचे दातच असले पाहिजेत. त्याच्या आधी फाबिओ कोलोन्ना याने १६१६ मध्ये हेच म्हटले होते. स्टेनोने त्याला शास्त्राचा पाया दिला.

१६६९ साली प्रसिद्ध झालेल्या लहानशा ग्रंथात त्याने थरांचे नियम मांडले. गाळाचे थर एकावर एक साचतात, म्हणून खालचा थर जुना व वरचा नवा. थर मुळात आडवे साचतात, वाकलेले दिसले तर नंतर काही घडले असे समजावे. नियम साधे आहेत, पण पृथ्वीच्या इतिहासाचे पान उलटण्याची किल्ली त्यांत आहे. या दोन संशोधनांच्या दरम्यान, १६६७ साली, स्टेनोने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला, १६७७ मध्ये बिशप. उत्तर जर्मनीत अत्यंत गरिबीत सेवा करीत १६८६ साली श्वेरिन येथे तो निवर्तला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला 'धन्य' घोषित केले. जीभदगड सापाचे नसून शार्कचे आहेत असे सांगितल्याने त्याची संत पौलावरील भक्ती तसूभरही उणावली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जॉन रेची अडचण

आता मण्यांकडे वळू. हे दगड एकेकाळी सजीवांचे भाग होते असे मानले, तर एक नवीनच पेच उभा राहत होता. तो जॉन रेने प्रामाणिकपणे मांडला. रे हा इंग्लिश चर्चचा दीक्षित सेवक होता आणि परमेश्वराच्या योजनेवर त्याची गाढ श्रद्धा होती. ज्यांचे अवशेष खडकांत आहेत असे कित्येक जीव आज समुद्रात दिसत नाहीत. मग ते गेले कोठे? परमेश्वराने निर्माण केलेली जात समूळ नाहीशी होऊ शकते काय? रेला तसे मान्य करणे जड जात होते. ते जीव एखाद्या अनोळखी समुद्रात अजून असतील, अशी आशा तो बाळगून होता.

त्याची आशा अर्धी खरी ठरली. वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटाजवळच्या समुद्रातून देठ असलेला एक विचित्र प्राणी पॅरिसला आला. झां-एतिएन गेतार या फ्रेंच अभ्यासकाने १७५५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि हा खडकांतील दगडी लिलीचा जिवंत नातलग आहे हे ओळखले. दिसायला वनस्पती, पण वास्तविक प्राणी! उरलेले अर्धे उत्तर मात्र कठोर होते. १७९६ साली जॉर्ज क्युव्हिए याने हत्तींच्या जीवाश्मांवरून सिद्ध केले की काही जाती खरोखरच नष्ट झाल्या आहेत. वंश टिकला, पण त्यातील असंख्य जाती गेल्या, असे सागरलिलीच्या बाबतीतही दिसून आले.

१८२१ मध्ये ब्रिस्टल येथील जे. एस. मिलर याने या गटाला 'क्रिनॉयडिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'क्रिनोन' म्हणजे लिली. प्रभू येशूने रानातील फुलांकडे पाहून चिंता सोडून देण्यास सांगितले, तेथे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक संहितेत हाच शब्द आहे. शास्त्रज्ञाने जाणूनबुजून तो निवडला असे म्हणण्याचे कारण नाही. पण वाचणाऱ्याला आनंद वाटतोच.

फूल नव्हे, प्राणी

सागरलिली ही तारामाशाची, सागरी साळूची व समुद्रकाकडीची नातलग आहे. या साऱ्यांच्या शरीराची रचना पाचाच्या पटीत असते. सागरलिलीला खाली देठ, त्यावर पेल्यासारखे शरीर आणि पेल्याच्या कडेने पिसासारख्या फांद्या फुटलेले बाहू असतात. तोंड वरच्या बाजूला. पाण्याच्या प्रवाहात बाहू पसरायचे, त्यांवरील सूक्ष्म पायांनी वाहते अन्नकण टिपायचे आणि बाहूंवरील खाचांतून तोंडाकडे पोहोचवायचे, असा हिचा उदरनिर्वाह. बाहू तुटला तर तो पुन्हा उगवतो.

देठ हा कॅल्साइट खनिजाच्या चकत्यांचा बनलेला असतो. चकत्या एकावर एक रचलेल्या असून स्नायुबंधांनी जोडलेल्या असतात. मधल्या छिद्रातून मज्जातंतू जातात. हेच ते मण्याचे छिद्र. प्राणी मेला की बंध लवकर कुजतात आणि देठ सुट्या चकत्यांत विखुरतो. म्हणून मणी विपुल आणि अखंड सागरलिली दुर्मिळ. अचानक चिखलाखाली गाडली गेली तरच ती फुलासारखी पूर्ण टिकून राहते. लिंडिस्फार्नचे मणी ज्या चुनखडकातून सुटतात, तो कार्बोनिफेरस कल्पातील, तीस कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा त्या जागी उथळ, उबदार समुद्र होता.

दीर्घ वंशकथा

निःसंशय सागरलिली म्हणता येतील असे सर्वांत जुने जीवाश्म ऑर्डोव्हिसियन कल्पाच्या प्रारंभीचे, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. कॅनडातील बर्जेस शेल या त्याहूनही जुन्या खडकातील एका प्राण्याला काहींनी सागरलिली मानले, पण त्यावर एकमत नाही. ऑर्डोव्हिसियनमध्ये त्यांच्या अनेक शाखा झपाट्याने फुटल्या. कार्बोनिफेरसच्या पूर्वार्धात तर त्यांची इतकी भरभराट झाली, की त्या काळाला 'सागरलिलींचे युग' म्हणतात. अमेरिकेत आयोवा, इलिनॉय व मिसूरी या राज्यांत पसरलेला बर्लिंग्टन चुनखडक बहुतांशी त्यांच्याच सांगाड्यांच्या चुऱ्याचा बनला आहे.

या बर्लिंग्टन गावी चार्ल्स वाक्समुथ नावाचा जर्मन व्यापारी प्रकृतिस्वास्थ्यासाठी येऊन राहिला. मोकळ्या हवेत हिंडावे, म्हणून त्याने जीवाश्म वेचायला सुरुवात केली आणि त्यातच आयुष्य वाहून घेतले. फ्रँक स्प्रिंगर या वकिलाच्या सहकार्याने त्याने लिहिलेला ग्रंथ १८९७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला व प्रमाणभूत ठरला.

सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कल्पाच्या अखेरीस, पृथ्वीवर सर्वांत मोठा संहार झाला. सागरलिलींच्या जुन्या शाखा जवळजवळ सर्व लोपल्या. फार थोड्यांतून आजचा वंश पुढे आला. ट्रायासिक कल्पात जर्मनीच्या उथळ समुद्रात त्यांनी पुन्हा बहर धरला. जुरासिकमध्ये काहींनी तळ सोडून तरंगत्या ओंडक्यांचा आसरा घेतला. जर्मनीतील होल्झमाडेन येथील संग्रहालयात सुमारे १८ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशी एक शिळा आहे. तिच्यावर एका ओंडक्याला लटकलेली सागरलिलींची संपूर्ण वसाहत दिसते. त्याच परिसरातील अशीच एक शिळा १७२४ मध्ये स्टुटगार्टचा राजोपदेशक हीमर याने वर्णिली होती. त्याने ती नोहाच्या जलप्रलयाची साक्ष मानली. निरीक्षण उत्तम, अनुमान मात्र टिकले नाही. शास्त्रवचनाला दगडाचा पुरावा जोडण्याची घाई किती धोक्याची असते, याचे हे उदाहरण आहे.

पुढे हाडे असलेले मासे, खेकडे व सागरी साळू बळावले. एका जागी रुतून उभ्या असलेल्या सागरलिली त्यांना आयतेच भक्ष्य ठरल्या. त्यामुळे देठ असलेल्या जाती हळूहळू खोल समुद्रात गेल्या आणि उथळ पाण्यात देठ टाकून मोकळे झालेले पिसतारे उरले, असे बहुतेक संशोधक मानतात. यास बळकटी देणारा एक सुंदर शोध आयर्लंडमधील कॉर्क येथे लागला. जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी वैद्याला तेथील समुद्रात इवलीशी देठाची लिली सापडली. १८२७ मध्ये त्याने ती नवी जात म्हणून प्रसिद्ध केली. पुढे त्याच्याच निरीक्षणातून उलगडले की ते पिसताऱ्याचे पिल्लू आहे. पिसतारा बालपणी देठावर उभा असतो आणि मोठेपणी देठ सोडून पोहू लागतो. आपल्या पूर्वजांचे रूप तो लहानपणी काही काळ धारण करतो.

खोल समुद्राचा ठाव घेण्यासही सागरलिलीच कारण झाली. १८४३ मध्ये एडवर्ड फोर्ब्स याने मत मांडले होते, की सुमारे ५५० मीटरांच्या खाली जीवसृष्टी नाही. नॉर्वेचे मायकेल सार्स हे कित्येक वर्षे लुथरन धर्मोपदेशक होते. नंतर प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या मुलाने १८६४ साली लोफोटन बेटांजवळ खोल पाण्यातून एक लहान सागरलिली वर काढली. ती क्रिटेशस कल्पातील जीवाश्मांच्या अगदी जवळची होती. हा नमुना पाहून वायव्हिल थॉम्सन यांना स्फूर्ती झाली, आणि त्यातून पुढे १८७२ ते १८७६ ची 'चॅलेंजर' जहाजाची जगप्रसिद्ध सागरी मोहीम घडली. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत देठाच्या लिली जागच्या हलत नाहीत असेच बहुतेकांना वाटे. परंतु बाहामाजवळ खोल समुद्रात घेतलेल्या चित्रफितींत एक लिली बाहूंच्या आधारे तळावरून देठ ओढत सरकताना दिसली. बॉमिलर आणि मेसिंग या संशोधकांनी २००५ साली ते जाहीर केले.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनला असल्याने त्यात सागरलिली सापडणार नाही. हिमालयातील स्पिती खोऱ्यातील प्राचीन सागरी खडकांत मात्र तिचे अवशेष आहेत. आणि हिंदी महासागरातील जिवंत जातींवर ऑस्टिन क्लार्क याने लिहिलेला ग्रंथ १९१२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने प्रसिद्ध केला. आज जगभर सुमारे ६०० जाती हयात आहेत. खडकांतून वर्णिलेल्या जाती याच्या कितीतरी पट आहेत.

श्रद्धेचे काय?

रेच्या प्रश्नाकडे पुन्हा यावे लागते. असंख्य जाती निर्माण झाल्या आणि गेल्या, मग परमेश्वराच्या योजनेचे काय? मला वाटते, आपण परमेश्वराच्या काळाला आपल्या काळाच्या मापाने मोजतो, तेथे अडचण होते. पवित्र शास्त्र हे उत्पत्तीचे कारण सांगते, वेळापत्रक नव्हे. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच बजावले होते, की निसर्गाविषयी जे अनुभवाने व तर्काने ठाऊक आहे, त्याविरुद्ध ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू नये. त्यामुळे हसे होते ते शास्त्राचे. पोप पायस बारावे यांनी १९५० च्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी अभ्यासाला वाव ठेवला आणि त्याच वेळी आत्मा परमेश्वराकडूनच येतो, हे स्पष्ट केले. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोंटिफिकल विज्ञान अकादमीला संदेश पाठवून सांगितले, की उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ एक गृहीतक राहिलेला नाही. तेव्हा घरातील मुलाने उत्क्रांतीबद्दल विचारले, तर आपल्याला गप्प बसण्याचे किंवा रागावण्याचे कारण नाही. आपण त्याच्यासोबत बसून पुस्तक उघडावे. माहीत नसेल ते शिक्षकांना विचारावे. ज्या घरात प्रश्नाला जागा असते, त्या घरात प्रार्थनेलाही जागा राहते.

संत कथबर्टचा देह व्हायकिंगांच्या भयाने ८७५ मध्ये मठवासीयांनी बेटावरून हलविला. बऱ्याच भ्रमंतीनंतर तो ९९५ मध्ये डरहॅमला आला आणि ११०४ पासून तेथील कॅथेड्रलमध्ये विसावला आहे. समाधीच्या लगत तेराव्या शतकात बांधलेले नऊ वेद्यांचे चॅपेल आहे. त्याचे काही खांब फ्रॉस्टर्ली या काळ्या चुनखडकाचे असून त्यांत पांढऱ्या प्रवाळांचे जीवाश्म उमटलेले दिसतात. ज्या कार्बोनिफेरस समुद्रात मण्यांच्या सागरलिली डोलत होत्या, त्याच समुद्राचे हे प्रवाळ. ते मणी संताने घडविले नाहीत; संताच्या व त्या समुद्राच्या निर्मात्याने ते आपल्या सावकाश रीतीने, कोट्यवधी वर्षे घेऊन घडविले. दंतकथेत एका रात्रीचे काम होते. खऱ्या इतिहासात त्याहून कितीतरी मोठा धीर आहे, आणि हातात जपमाळ धरणाऱ्याने शिकावा तो हाच धीर.